अक्षरे मोजणारे अल-किंदी

उर्दूत कोड्याला मुअम्मा म्हणतात. हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या अरबी भाषेत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ होता. जे डोळ्यांना दिसते पण वाचता येत नाही, अशा गुप्त लिखाणालाही तेव्हा मुअम्मा म्हणत. राजे, सेनापती आणि मोठे अधिकारी आपले महत्त्वाचे निरोप अशा लिखाणात पाठवत असत. वाटेत ते पत्र शत्रूच्या हाती लागले, तरी त्यातला एक शब्दही त्याला कळू नये, हा त्यामागचा हेतू असे.

अशी पत्रे उकलण्याची एक पद्धत बगदादच्या एका विद्वानाने शोधून काढली. त्यासाठी त्याने हेर नेमले नाहीत. कोणाला लाच दिली नाही की धाक दाखवला नाही. त्याने फक्त अक्षरे मोजली. त्या विद्वानाचे नाव अबू युसूफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी. जग त्यांना अल-किंदी या नावाने ओळखते.

अल-किंदी यांचा जन्म इ. स. ८०० च्या सुमारास इराकमधील कूफा या शहरात झाला. कूफा हे फुरात नदीच्या काठचे जुने आणि विद्येसाठी प्रसिद्ध असलेले शहर. अरबी लिपीच्या कूफी या सुंदर वळणाला याच शहराचे नाव मिळाले आहे. अल-किंदी यांचे घराणे किंदा या अरब कबिल्यातील होते. म्हणून त्यांना किंदी म्हणत. त्यांचे वडील इसहाक इब्न अस-सब्बाह हे कूफ्याचे सुभेदार होते. घरी मान होता, संपत्ती होती. पण याकूबचे मन मानात आणि संपत्तीत रमले नाही. त्याला ओढ लागली ती विद्येची. ही ओढच त्याला बगदादला घेऊन आली.

त्या काळचे बगदाद म्हणजे जगातील एक मोठे आणि वैभवशाली नगर. खलिफा अल-मन्सूर यांनी इ. स. ७६२ मध्ये दजला नदीच्या काठी ते वसवले होते. चीनकडून आलेली कागद करण्याची कला आठव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचली होती. कागद आला, तशी पुस्तके वाढली. पुस्तके नकलून देणारे आणि विकणारे लोक वाढले. त्यांना वर्राक म्हणत. त्यांच्या दुकानांचा एक स्वतंत्र बाजारच बगदादमध्ये होता.

खलिफा अल-मामून यांना विद्येची फार आवड होती. ते इ. स. ८१३ ते ८३३ पर्यंत गादीवर होते. त्यांच्या काळात बैतुल हिकमा, म्हणजे ज्ञानाचे घर, भरभराटीला आले. तेथे ग्रीक, सुर्यानी, फारसी आणि संस्कृत भाषांतील ज्ञान अरबीत आणण्याचे काम चाले. मुसलमान, ख्रिस्ती, साबी अशा निरनिराळ्या धर्मांचे विद्वान एकत्र बसत. वाद होत, चर्चा होत, चुका दाखवल्या जात आणि त्या सुधारल्याही जात.

अशा वातावरणात अल-किंदी वाढले. त्यांच्याभोवती भाषांतर करणाऱ्यांचे एक मंडळच जमले. उस्तास नावाच्या विद्वानाने त्यांच्यासाठी अरस्तूच्या एका कठीण ग्रंथाचा तर्जुमा केला. अशी भाषांतरे अल-किंदी बारकाईने वाचत. जेथे अरबी वाक्य अडखळे, तेथे ते दुरुस्त करत. ज्या कल्पनांना अरबीत शब्दच नव्हते, त्यांसाठी नवे शब्द घडवले जात. अरबी भाषेत तत्त्वज्ञान लिहिणारे ते पहिले मोठे विचारवंत. म्हणून पुढील पिढ्यांनी त्यांना फैलसूफुल अरब, म्हणजे अरबांचा तत्त्वज्ञ, ही पदवी दिली.

परक्यांची विद्या कशाला हवी, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. अल-किंदी यांनी त्यांना आपल्या ग्रंथातून उत्तर दिले. सत्य कोठूनही येवो, दूरच्या देशातून येवो की परक्या लोकांकडून येवो, ते स्वीकारताना लाज वाटू नये, असे त्यांचे मत होते. ज्यांनी आपल्याला थोडेसे सत्य दिले, त्यांचेही आपण आभार मानले पाहिजेत, असे ते सांगत. कारण एका माणसाच्या आयुष्यात सारे सत्य गवसत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे साठत जाते.

आपल्या देशाकडूनही त्यांनी असेच ज्ञान घेतले. भारतात शून्य आणि नऊ अंक वापरून कोणतीही संख्या लिहिण्याची पद्धत रूढ होती. ही पद्धत अरबांना समजावी, म्हणून अल-किंदी यांनी हिंदी अंकांच्या उपयोगावर चार भागांचा एक ग्रंथ लिहिला. संस्कृतातील शून्य या शब्दाला अरबांनी सिफ्र म्हटले. उर्दूत आपण आजही शून्याला सिफर म्हणतो. हा शब्द पुढे युरोपात गेला. तेथे त्याचे सायफर झाले आणि गुप्त लिपीलाही लोक सायफर म्हणू लागले. आपल्या शून्यापासून निघालेला एक शब्द बगदादमार्गे गुप्त लिपीपर्यंत जाऊन पोहोचला, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

अल-किंदी यांची जिज्ञासा एका विषयावर थांबली नाही. गणित, खगोल, वैद्यक, संगीत, प्रकाश, समुद्राची भरती-ओहोटी, काच, तलवारी अशा कितीतरी विषयांवर त्यांनी लिहिले. अत्तरे आणि अर्क काढण्याच्या शंभराहून अधिक कृती त्यांनी एका पुस्तकात दिल्या. निरनिराळ्या देशांच्या तलवारी कशा ओळखाव्यात, हे सांगताना त्यांनी हिंदी तलवारींचेही वर्णन केले. औषधात कोणता पदार्थ किती घ्यावा, हे अंदाजाने न ठरवता गणिताने ठरवावे, असा त्यांचा प्रयत्न होता. दहाव्या शतकात इब्न अन-नदीम या बगदादच्या ग्रंथप्रेमी माणसाने पुस्तकांची एक मोठी यादी तयार केली. त्या यादीत अल-किंदी यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या अडीचशेच्या आसपास भरते.

या पुस्तकांमध्येच एक लहानसे पुस्तक होते. त्याचे नाव रिसाला फी इस्तिख्राज अल-मुअम्मा. म्हणजे, गुप्त लिखाणातून अर्थ कसा काढावा, याविषयीचा निबंध.

आता हे गुप्त लिखाण म्हणजे काय, ते पाहू. समजा, मित्राला तुम्हांला किताब हा शब्द कळवायचा आहे. उर्दूत किताब लिहिताना काफ, ते, अलिफ आणि बे ही अक्षरे येतात. तुम्ही असे ठरवले, की प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील त्याच्या पुढचे अक्षर लिहायचे. मग काफच्या जागी गाफ येईल, तेच्या जागी टे, अलिफच्या जागी बे आणि बेच्या जागी पे. झाला तुमचा गुप्त शब्द तयार! ज्याला ही युक्ती माहीत आहे, तोच तो वाचू शकेल.

ही युक्ती फारच सोपी आहे. ती कोणीही लवकर ओळखेल. म्हणून लोक अक्षरांची मनाला येईल तशी अदलाबदल करत. काही जण अक्षरांऐवजी पक्ष्यांची, फुलांची किंवा ताऱ्यांची नावे वापरत. अरबी वर्णमालेत २८ अक्षरे आहेत. पहिल्या अक्षरासाठी २८ चिन्हांतून एक निवडता येते. दुसऱ्यासाठी उरलेल्या २७ मधून, तिसऱ्यासाठी २६ मधून. अशा सर्व रीतींची संख्या काढली, तर ती तीस अंकी येते! एक एक रीत तपासत बसणाऱ्याला आपले आयुष्य काय, पृथ्वीचे आयुष्यही पुरणार नाही. मग असे पत्र वाचायचे कसे? लोकांना वाटे, की ज्याच्याजवळ किल्ली नाही, त्याला हे कुलूप कधीच उघडणार नाही.

अल-किंदी यांच्या आधीही काही बुद्धिमान माणसांनी अशी कोडी सोडवली होती. उर्दू शायरीतील बहर आणि वजन ज्या शास्त्रावर उभे आहेत, ते अरूजचे शास्त्र खलील इब्न अहमद यांनी रचले. या खलील यांच्याकडे एकदा ग्रीक भाषेतील एक गुप्त पत्र आले, असे सांगतात. पत्राची सुरुवात देवाच्या नावाने झालेली असणार, असा त्यांनी तर्क केला. त्या तर्कावरून काही अक्षरे ओळखली आणि महिनाभर डोके खपवून सारे पत्र वाचले. खलील यांनी मुअम्म्यावर एक पुस्तकही लिहिले होते. पण ते काळाच्या ओघात नाहीसे झाले. शिवाय तर्क प्रत्येक वेळी लागेलच, असे नाही. कोणालाही शिकता येईल अशी खात्रीची रीत हवी होती.

ती रीत अल-किंदी यांनी दिली. त्यांच्या लक्षात आले, की कोणत्याही भाषेत सगळी अक्षरे सारख्या वेळा येत नाहीत. काही अक्षरे पावलोपावली भेटतात, तर काही क्वचितच दिसतात. कुरआनातील आयती, शब्द आणि अक्षरे मोजण्याची परंपरा मुसलमान विद्वानांमध्ये आधीपासूनच होती. मोजणे हे काम अल-किंदी यांच्या काळाला नवे नव्हते. मोजणीचा असा उपयोग मात्र नवा होता.

त्यांची पद्धत अशी. पत्र ज्या भाषेत आहे असे वाटते, त्या भाषेतील एक साधे लिखाण घ्यावे. ते चांगले पानभर तरी असावे. त्यातील प्रत्येक अक्षर किती वेळा आले, ते मोजावे. सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या अक्षराला पहिला क्रमांक द्यावा, त्याच्या खालोखाल येणाऱ्याला दुसरा, मग तिसरा. नंतर गुप्त पत्र घ्यावे आणि त्यातील चिन्हेही अशीच मोजावीत. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा आले असेल, ते बहुधा पहिल्या क्रमांकाचे अक्षर असते. त्याच्या खालोखालचे चिन्ह म्हणजे बहुधा दुसऱ्या क्रमांकाचे अक्षर.

अल-किंदी यांनी ही मोजणी स्वतः केली. त्यांनी अरबी लिखाणातील साडेतीन हजारांहून अधिक अक्षरे मोजली. त्यांत अलिफ ६०० वेळा, लाम ४३७ वेळा आणि मीम ३२० वेळा आले. अक्षराचे रूप बदलता येते, पण त्याची सवय बदलत नाही. अलिफने कोणताही बुरखा पांघरला, तरी तो वारंवार येतच राहतो आणि त्यामुळेच ओळखू येतो. तुम्हीही आपल्या उर्दू पुस्तकाचे एक पान घेऊन अक्षरे मोजून पाहा. अलिफ किती वेळा येतो आणि जोय किती वेळा येतो, हे पाहून तुम्हांला नवल वाटेल.

केवळ मोजणीवर अल-किंदी थांबले नाहीत. कोणती अक्षरे शेजारी शेजारी येतात आणि कोणती कधीच जवळ येत नाहीत, याचाही त्यांनी विचार केला. अरबीत अलिफ आणि लाम यांची जोडी अल या रूपाने सारखी भेटते. तसेच, पत्राच्या आरंभी देवाचे नाव, सलाम किंवा मानाचे शब्द ठरावीक पद्धतीने लिहिले जातात. त्यांच्या आधारानेही काही चिन्हे उलगडतात. गुप्त लिपींचे निरनिराळे प्रकार कोणते, हेही त्यांनी नीट वर्ग पाडून सांगितले.

विशेष म्हणजे, आपली पद्धत कोठे अपुरी पडते, हेही त्यांनी लपवले नाही. पत्र फारच लहान असेल, तर मोजणीचा उपयोग होत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. चार ओळींत एखादे नेहमीचे अक्षर मुळीच न येण्याची शक्यता असते. आपली मर्यादा आपणच सांगणे, ही खऱ्या शास्त्रज्ञाची खूण आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो. ज्याला इतरांची गुप्त पत्रे वाचता येतात, त्याच्या हाती केवढी सत्ता असते! अल-किंदी दरबारातील माणूस होते. खलिफा अल-मुअतसिम यांच्या मुलाला ते शिकवत. ही विद्या स्वतःजवळ ठेवून त्यांना मोठा लाभ करून घेता आला असता. पण त्यांनी ती कोणालाही समजेल अशा रीतीने लिहून काढली. शिकणाऱ्यासाठी त्यांनी आपली किल्ली उघड्यावर ठेवली.

विरोधकांशी वागण्याची त्यांची रीतही अशीच होती. बल्ख शहरातून आलेला अबू मअशर नावाचा एक विद्वान बगदादमध्ये राहत होता. तो त्यांच्या विद्येची निंदा करी आणि लोकांना त्यांच्याविरुद्ध भडकावत असे. अल-किंदी त्याच्याशी भांडले नाहीत. त्याला अंकगणित आणि भूमितीची गोडी लागेल, अशी व्यवस्था त्यांनी कोणाकडून तरी करवली, असे इब्न अन-नदीम यांनी लिहिले आहे. गणित शिकता शिकता अबू मअशरचा विरोध मावळला आणि तो आकाशातील ग्रहताऱ्यांच्या अभ्यासाकडे वळला. पुढे तो स्वतःच मोठा नावाजला.

पण सगळेच विरोधक असे बदलले नाहीत. इ. स. ८४७ मध्ये अल-मुतवक्किल खलिफा झाले आणि दरबाराचा रंग पालटला. तेव्हा राजधानी बगदादच्या उत्तरेला सामर्रा येथे होती. दरबारात मूसाच्या मुलांचे, म्हणजे बनू मूसा या भावांचे, वजन वाढले होते. हे भाऊ स्वतः उत्तम गणिती होते. पाण्याच्या दाबावर चालणारी कारंजी आणि नवलाची यंत्रे यांवरचे त्यांचे पुस्तक आजही वाखाणले जाते. पण बुद्धी मोठी असली, तरी मन मोठे असतेच असे नाही. त्यांपैकी मुहम्मद आणि अहमद हे दोघे भाऊ इतर विद्वानांचा मत्सर करत. त्यांनी सनद इब्न अली या कुशल विद्वानाला दरबारापासून दूर बगदादला पाठवले. अल-किंदी यांच्याविरुद्ध त्यांनी खलिफांचे कान भरले. अल-किंदी यांना मारहाण झाली, असे जुने चरित्रकार सांगतात. इतकेच करून ते भाऊ थांबले नाहीत. त्यांनी अल-किंदी यांच्या घरातून त्यांची सगळी पुस्तके उचलून नेली आणि एका वेगळ्या कोठारात ठेवली. त्या संग्रहाला लोक किंदिया म्हणू लागले.

कल्पना करा. त्या काळी छापखाने नव्हते. प्रत्येक पुस्तक हाताने लिहिलेले असे. पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या विद्वानाची जन्मभराची कमाई एका दिवसात त्याच्या घरातून गेली. ज्याने दुसऱ्यांची कुलपे उघडण्याची रीत जगाला दिली, त्याचेच ज्ञान आता दुसऱ्यांच्या कुलपात बंद झाले.

पुढे घडले ते मोठे नाट्यमय आहे. अल-मुतवक्किल यांनी सामर्राजवळ एक नवे शहर वसवायला घेतले. त्यासाठी दजला नदीतून कालवा काढायचा होता. ते काम या दोन भावांकडे आले. त्यांनी ते अल-फर्गानी यांच्यावर सोपवले. अल-फर्गानी खगोलशास्त्रात मोठे होते, पण कालव्याच्या कामात त्यांच्या हातून चूक झाली. कालव्याचे तोंड पुढच्या भागापेक्षा खोल खणले गेले. तोंडाशी पाणी भरे, पण पुढे वाहत नसे. खलिफा संतापले. कामात चूक असेल, तर दोघा भावांना त्याच कालव्याच्या काठी सुळावर चढवीन, अशी त्यांनी शपथ घेतली. तपासणीसाठी त्यांनी बोलावले ते सनद इब्न अली यांनाच! ज्याला या भावांनी दूर पाठवले होते, त्याच्याच हाती आता त्यांचे प्राण होते.

दोघे भाऊ सनद यांच्या पाया पडू लागले. सनद यांना सूड घेता आला असता. त्यांनी सूड घेतला नाही. स्वतःसाठीही काही मागितले नाही. त्यांचे आणि अल-किंदी यांचे फारसे सख्य नव्हते. तरीही त्यांनी एकच अट घातली, की अल-किंदी यांची पुस्तके आधी परत करा. दोघांनी सर्व पुस्तके परत केली. ती पूर्ण मिळाली, असे अल-किंदी यांच्या हातचे पत्र आल्यावरच सनद पुढचे बोलले. नदीला पूर असेपर्यंत चार महिने कालव्यात पाणी दिसेल आणि चूक झाकली जाईल, हे त्यांनी हेरले होते. कालवा ठीक आहे, असे त्यांनी खलिफांना सांगितले. चूक उघडी पडली असती, तर सनद यांचाही जीव गेला असता. पण त्याआधीच, इ. स. ८६१ मध्ये, खलिफांचा खून झाला आणि सर्वांवरचे संकट टळले. ही सारी हकिकत जुन्या चरित्रग्रंथांत नोंदवलेली आहे.

अल-किंदी यांना त्यांची पुस्तके मिळाली. दुःख दूर करण्याचे उपाय या विषयावरही त्यांनी एक निबंध लिहिला आहे. जी वस्तू दुसरा कोणी हिरावून घेऊ शकतो, ती खऱ्या अर्थाने आपली नसतेच, असे ते त्यात समजावतात. बुद्धीने मिळवलेले धन मात्र कोणाला लुटता येत नाही. ज्याच्या घरातून सारी पुस्तके गेली होती, त्याच्या लेखणीतून हा विचार आला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

इ. स. ८७० च्या सुमारास अल-किंदी बगदादमध्ये वारले. त्यांचे काही ग्रंथ लॅटिन भाषेत गेले आणि युरोपातील विद्वान त्यांना अल्किंदुस म्हणू लागले. सोळाव्या शतकात इटलीच्या कार्दानो या गणितज्ञाने जगातील बारा थोर बुद्धिमंतांमध्ये त्यांची गणना केली. पण त्यांची बहुतेक पुस्तके मात्र कालौघात हरवली. मुअम्म्यावरचा निबंधही जगाच्या नजरेआड गेला.

अक्षरे मोजण्याची विद्या जिवंत राहिली. अरब विद्वानांनी ती पुढे नेली. युरोपातही पंधराव्या शतकात ती दिसू लागली. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत होती. इ. स. १५८६ मध्ये तिची गुप्त पत्रे इंग्लंडच्या हेरखात्याने याच विद्येने उकलली. एलिझाबेथ राणीला मारण्याचा कट त्यांतून उघडकीला आला आणि १५८७ मध्ये मेरीचा शिरच्छेद झाला. आपली लिपी कोणी वाचू शकणार नाही, हा तिचा विश्वास तिला प्राणघातक ठरला.

आणि तो हरवलेला निबंध? इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. त्यातील एका हस्तलिखितात अल-किंदी यांचे अनेक निबंध एकत्र नकलून ठेवलेले सापडले. त्यांतच मुअम्म्याचा निबंधही होता. दमास्कसच्या अरबी भाषा अकादमीने तो १९८७ मध्ये छापून प्रसिद्ध केला. अकराशे वर्षांहून अधिक काळानंतर अल-किंदी पुन्हा जगाशी बोलू लागले. कोणा एका वर्राकाने दिव्याच्या उजेडात ती पाने नकलून ठेवली होती, म्हणून हे घडले. त्याचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले नाही, पण त्याचे उपकार फार मोठे आहेत.

आज गुप्त लिखाण ही केवळ राजांची गोष्ट राहिलेली नाही. आपण मोबाइलवर निरोप पाठवतो, बँकेचे व्यवहार करतो. ही सारी माहिती वाटेत कोणी वाचू नये, म्हणून ती गुप्त रूपात पाठवली जाते. आजच्या संगणकाच्या गुप्त लिपी नुसत्या अक्षरमोजणीने उकलत नाहीत. पण नवी लिपी तयार झाली, की तिच्यात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा येते का, काही सवय उघडी पडते का, हे आजही आधी तपासले जाते.

ही तपासणी विद्वान मिळून करतात. त्यासाठी परिषदा भरतात. अमेरिकेतील सांता बार्बरा येथे १९८१ पासून दरवर्षी अशी एक मोठी परिषद भरते. आपल्या देशात इंडोक्रिप्ट नावाची परिषद २००० साली कोलकात्यात सुरू झाली. या परिषदांमध्ये एक जण आपली नवी लिपी सर्वांसमोर मांडतो. दुसरे विद्वान ती मोडण्याचा प्रयत्न करतात. मोडली, तर कोणी रागावत नाही. उलट, दोष दाखवणाऱ्याचे आभार मानतात. आज जगभर वापरली जाणारी एक प्रमुख गुप्त लिपी अशीच निवडली गेली. १५ लिपी स्पर्धेत होत्या. त्या सर्व जगापुढे उघड ठेवल्या गेल्या आणि अनेक देशांच्या विद्वानांनी त्यांवर हल्ले करून पाहिले. शेवटी २००० साली बेल्जियमच्या दोघा विद्वानांच्या लिपीची निवड झाली.

कुलूप कसे बनवले, हे सगळ्यांना माहीत असले तरी चालेल. फक्त आपली किल्ली आपल्याजवळ असावी. सगळ्यांनी तपासलेले कुलूपच भरवशाचे, असे आजचे शास्त्र मानते. बैतुल हिकमामध्ये निरनिराळ्या धर्मांचे आणि देशांचे लोक एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत, तशीच ही आजची रीत आहे.

मित्रांनो, निरोप गुप्त असू शकतो, पण विद्या गुप्त ठेवली तर ती मरते. बनू मूसांनी पुस्तके कोंडली, तेव्हा ती कोणाच्याच उपयोगाची राहिली नव्हती. एका अनोळखी माणसाने ती नकलली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तुम्हांला जे येते, ते शेजारच्या बाकावरील मित्राला शिकवा. जे येत नाही, ते कोणाकडूनही शिकून घ्या. त्यात लाज कसली? अल-किंदी यांनी जन्मभर हेच केले.